रनीमीडची सनद : प्रस्तावना

इंग्लंडचा राजा जॉन याने १५ जून १२१५ या दिवशी, विंडसर आणि स्टेन्स या दोन गावांच्या दरम्यान टेम्स नदीच्या काठी असलेल्या रनीमीड नावाच्या कुरणात, आपल्याविरुद्ध शस्त्र धरून उभ्या राहिलेल्या आपल्याच सरदारांच्या मागण्यांना जी लेखी मान्यता दिली, तिचा संपूर्ण मराठी अनुवाद टिपांसह या ग्रंथाच्या रूपाने वाचकांपुढे येत आहे. मॅग्ना कार्टा हे नाव शालेय इतिहासातून आपल्या सर्वांच्या कानांवरून गेलेले असते, आणि एखाद्या नव्या कायद्याची थोरवी सांगावयाची झाली की वक्ते तेच नाव बिरुदासारखे त्याला बहाल करतात. परंतु मूळ सनद पहिल्या कलमापासून अखेरच्या कलमापर्यंत वाचलेली माणसे वकीलवर्गातही थोडीच आढळतील. जो वाचक मानवी हक्कांच्या उदात्त घोषणेच्या अपेक्षेने ती उघडील, त्याच्यापुढे प्रथम येतील ते वतनाच्या वारशाचे नजराणे, अज्ञान वारसांची पालकी, सावकारांची येणी, विधवांचे हिस्से आणि नदीत मासे धरण्यासाठी घातलेले बांध. सुमारे साडेतीन हजार लॅटिन शब्दांचा तो सलग मजकूर आहे. कलमांचे ६३ हे आकडे पुढच्या काळातील अभ्यासकांनी सोयीसाठी घातलेले आहेत.

या प्रस्तावनेत मला एकच गोष्ट सांगावयाची आहे. ही सनद तिच्या कर्त्यांच्या थोरवीने टिकली नाही. ज्याने ती दिली त्याने ती दहा आठवड्यांत रद्द करून घेतली, ज्यांनी ती घेतली त्यांतील बहुतेकांना आपल्या वतनांपलीकडचे काही दिसत नव्हते, आणि असे असूनही ती आज आठशे वर्षांनंतर न्यायालयांत उच्चारली जाते, याचे कारण असे की पुढच्या प्रत्येक संकटाच्या वेळी कोणी तरी उभे राहून तिच्या मजकुरावर बोट ठेवून सत्तेकडे दाद मागितली.

जॉन हा आळशी किंवा अडाणी राजा नव्हता, हे आधीच सांगितले पाहिजे, कारण लोककथांनी त्याचे जे चित्र रंगवले आहे त्यामुळे सनदेचे खरे कारण झाकले जाते. त्याचा बाप दुसरा हेन्री याने न्यायदानाची आणि खजिन्याची जी चोख व्यवस्था लावून दिली होती, ती जॉनने मन लावून चालविली. तो गावोगाव फिरून स्वतः दावे ऐके आणि दफ्तरातल्या नोंदींवर त्याची बारीक नजर असे. दोष होता तो असा की, त्या सगळ्या यंत्रणेची कळ राजाच्या मर्जीत होती. वारसाला बापाचे वतन ताब्यात मिळण्यासाठी नजराणा द्यावा लागे हे सर्वमान्य होते, पण तो किती याला धरबंध नव्हता. एका संपूर्ण सरदारकीसाठी १०० पौंड हा रूढ आकडा असताना निकोलस द स्टटविल याच्यावर १२०५ साली १०,००० मार्क, म्हणजे साडेसहा हजार पौंडांहून अधिक, एवढा बोजा बसविण्यात आला. एवढी रक्कम कोणीही फेडू शकत नसे, आणि ती फेडली जावी असा राजाचा हेतूही नसे. बाकीदार सरदार कायमचा मुठीत राहावा यासाठी ती होती. विल्यम द ब्राओस हा एके काळचा राजाचा लाडका सरदार. त्याच्यावर अवकृपा झाली तेव्हा बाकीच्या निमित्ताने त्याच्या जमिनी जप्त झाल्या, तो परागंदा झाला, आणि त्याची पत्नी व थोरला मुलगा राजाच्या कैदेत १२१० साली उपासमारीने मेले. त्यांच्यावर कोणत्याही न्यायासनापुढे आरोप ठेवला गेला नव्हता.

त्यात १२०४ साली नॉर्मंडी फ्रान्सच्या राजाने जिंकून घेतली, आणि ती परत मिळविण्याच्या ध्यासापायी जॉनने लष्करी चाकरीऐवजी घ्यावयाची पट्टी वारंवार आणि चढत्या दराने बसविली. कँटरबरीच्या आर्चबिशपच्या नेमणुकीवरून पोपशी उभे भांडण होऊन १२०८ पासून सहा वर्षे देशभरातले धर्मविधी बंद राहिले, आणि अखेरीस १२१३ मध्ये जॉनने आपले राज्यच पोपच्या चरणी अर्पण करून ते त्याचा मांडलिक म्हणून परत घेतले. २७ जुलै १२१४ रोजी बूव्हिनच्या रणांगणावर त्याच्या दोस्तांचा धुव्वा उडाला. रिकामा खजिना घेऊन परतलेल्या राजाने पुन्हा पट्टीचा तगादा लावला, तेव्हा उत्तरेकडच्या सरदारांनी ती देण्याचे नाकारले. पुढच्या मे महिन्यात त्यांनी राजनिष्ठेची शपथ मोडल्याचे जाहीर केले, आणि १७ मे रोजी लंडन शहर त्यांच्या हाती आले. राजधानी गेल्यावर जॉनपुढे बोलणी करण्यावाचून मार्ग उरला नाही. ती बोलणी घडवून आणण्यात ज्याच्यावरून भांडण झाले होते तो आर्चबिशप स्टीफन लँग्टन हाच पुढे होता. राजाने सनदेवर सही केली नाही. त्या काळच्या रीतीप्रमाणे तिच्यावर शिक्कामोर्तब झाले. तिच्या ज्या प्रती तेव्हा तयार झाल्या त्यांपैकी चार उरल्या आहेत, दोन लंडनला ब्रिटिश लायब्ररीत, एक लिंकनला आणि एक सॉल्सबरीला.

सनदेतील ज्या कलमांकडे इतिहासाची पुस्तके सहसा फिरकत नाहीत, त्यांच्याजवळ थोडे थांबावे असे मला वाटते. विसाव्या कलमात दंडाचा नियम आहे: गुन्ह्याच्या मानाने दंड बसावा, आणि तो बसविताना माणसाच्या उपजीविकेचे साधन सुरक्षित राहावे, व्यापाऱ्याचा माल आणि बांधील कुळाची शेती त्यातून वगळावी, आणि दंडाची रक्कम शेजारपाजारच्या भल्या माणसांनी शपथेवर ठरवावी. अठ्ठाविसावे कलम सांगते की, राजाच्या अंमलदाराने कोणाचे धान्य वा चीजवस्तू घेतली तर तिचे दाम तेथल्या तेथे मोजावे, किंवा धन्याने राजीखुशीने मुदत दिलेली असावी. त्यापुढची कलमे म्हणतात की, मालकाच्या संमतीवाचून त्याचा घोडा वा गाडी वाहतुकीसाठी धरू नये, आणि किल्ल्याच्या कामासाठी दुसऱ्याचे लाकूड तोडून नेऊ नये. आठव्या कलमाने विधवेला अभय दिले की, तिच्या इच्छेविरुद्ध तिचे लग्न लावले जाणार नाही. वेठीला धरलेली गाडी, उचलून नेलेले धान्य आणि अंमलदाराच्या लहरीप्रमाणे बसलेला दंड यांचा अर्थ ज्या रयतेला ठाऊक आहे, तिला या ओळींचे मोल समजावून सांगावे लागत नाही. राजसत्ता सामान्य माणसाला भेटते ती सिंहासनावर नव्हे, तर त्याच्या अंगणात शिरलेल्या शिपायाच्या रूपाने, हे सनद लिहिणाऱ्यांना नेमके कळलेले होते.

मग येतात ती एकोणचाळिसावे आणि चाळिसावे ही दोन कलमे, ज्यांच्यामुळे बाकीच्या सनदेचे नाव राहिले. कोणाही स्वतंत्र माणसाला पकडणे, कैदेत टाकणे, त्याची मिळकत हिरावणे, त्याला कायद्याबाहेर वा देशाबाहेर काढणे, किंवा कोणत्याही प्रकारे त्याचा नाश करणे, हे त्याच्या समकक्ष माणसांच्या कायदेशीर निवाड्यावाचून अथवा देशाच्या कायद्यावाचून होणार नाही, असे पहिल्यात वचन आहे. न्याय विकला जाणार नाही, नाकारला जाणार नाही आणि लांबविला जाणार नाही, असे दुसऱ्यात. यांतील 'स्वतंत्र' या मर्यादेबाहेर त्या काळच्या इंग्लंडातील फार मोठा कुणबीवर्ग राहिला, कारण तो जमिनीला बांधलेला होता. ही उणीव झाकण्याचे कारण नाही. ती कशी भरून निघाली हे मात्र पुढे पाहावयाचे आहे.

या सर्व वचनांची हमी म्हणून एकसष्टाव्या कलमाने पंचवीस सरदारांचे मंडळ नेमले आणि राजाने वचन मोडल्यास त्याचे किल्ले व जमिनी जप्त करण्याचा अधिकार त्यांना दिला. राजा, राणी आणि त्यांची मुले यांच्या देहाला मात्र धक्का लावावयाचा नव्हता. माझ्या मते सनदेतील सर्वांत धाडसी कलम हेच, आणि सर्वांत दुबळेही हेच. कारण त्यात न्यायाची योजना नव्हती, एका बळाविरुद्ध दुसरे बळ उभे करण्याची योजना होती. व्हायचे तेच झाले. जॉनने पोपकडे धाव घेतली, तिसऱ्या इनोसंटने २४ ऑगस्ट १२१५ रोजी ही सनद बळजबरीने घेतलेली म्हणून रद्दबातल ठरविली, आणि देश यादवीत लोटला गेला. सरदारांनी फ्रान्सच्या युवराजाला, लुईला, राज्य घेण्यासाठी बोलाविले. १२१६ च्या ऑक्टोबरात जॉन नेवार्क येथे मरण पावला, तेव्हा लंडन शत्रूच्या हाती होते आणि गादीचा वारस नऊ वर्षांचा होता.

या क्षणी जे घडले ते मला रनीमीडपेक्षाही महत्त्वाचे वाटते. बालराजाच्या वतीने कारभार पाहणारा वृद्ध विल्यम मार्शल आणि पोपचा वकील ग्वाला या दोघांनी, म्हणजे ज्या पक्षाविरुद्ध ती सनद मिळविली गेली होती त्याच पक्षाच्या दोन धुरीणांनी, नोव्हेंबर १२१६ मध्ये आपल्या शिक्क्यांनिशी तीच सनद, पंचवीस सरदारांच्या कलमासह काही कलमे वगळून, पुन्हा जारी केली. शत्रूने राजाकडून हिसकावलेली गोष्ट राजपक्षाने स्वतःचे धोरण म्हणून स्वीकारली, आणि त्यामुळे सरदारांच्या बंडाला कारणच उरले नाही. लुई परत गेल्यावर १२१७ मध्ये ती तिसऱ्यांदा निघाली. तिच्याबरोबर राजाच्या राखीव अरण्यांविषयीची एक वेगळी आणि लहान सनद निघाली, आणि या धाकटीपासून वेगळी ओळखता यावी म्हणून थोरलीला 'मॅग्ना', म्हणजे मोठी, हे विशेषण लागले. पुढे १२२५ मध्ये याच बालराजाने, म्हणजे तिसऱ्या हेन्रीने, ती जी पुन्हा दिली, ती जंगम मालमत्तेच्या पंधराव्या हिश्शाच्या पट्टीच्या मोबदल्यात. रयतेने पट्टी द्यावी आणि राजाने हक्क मान्य करावेत, हा जो उघड सौदा तेथे झाला, त्यातच पुढच्या पार्लमेंटचे बीज आहे. पहिल्या एडवर्डला युद्धखर्चासाठी पैसा हवा झाला तेव्हा १२९७ मध्ये पुन्हा तेच झाले. सनद कायद्यांच्या दफ्तरात नोंदली गेली, आणि तिचे वाचन वर्षातून दोनदा प्रत्येक कॅथीड्रलमध्ये लोकांसमोर व्हावे असा हुकूम निघाला. तिसऱ्या एडवर्डच्या कारकिर्दीत १३५४ साली पार्लमेंटने कायदा करून सांगितले की, ज्या रीतसर कायदेशीर प्रक्रियेवाचून कोणाला धरावयाचे नाही, ती प्रक्रिया माणूस कोणत्याही दर्जाचा वा स्थितीचा असो, त्याला लागू आहे. एकोणचाळिसाव्या कलमातली मर्यादा, पुढे जिच्याबद्दल सनदेला नावे ठेवण्यात आली, ती अशी दीडशे वर्षांच्या आत कायद्याच्या अक्षरात तरी ओलांडली गेली होती.

ट्यूडर राजांच्या अमदानीत सनद मागे पडली. शेक्सपिअरने जॉन राजावर नाटक लिहिले, त्यात तिचा उल्लेखही नाही. ती परत आली ती एडवर्ड कोक या कायदेपंडिताच्या हातून. पहिल्या चार्ल्सने सक्तीचे कर्ज न देणाऱ्या सरदार-जमीनदारांना १६२७ मध्ये तुरुंगात टाकले. त्यांतील पाच जणांनी कैदेचे कारण विचारले असता, राजाची खास आज्ञा, एवढेच उत्तर मिळाले. कोक तेव्हा पंचाहत्तरी ओलांडलेला होता, आणि पूर्वी राजाच्या मर्जीपुढे न वाकल्यामुळे सरन्यायाधीशपद गमावून बसलेला होता. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १६२८ च्या पिटिशन ऑफ राइट या मागणीपत्रात तीच जुनी कलमे राजापुढे ठेवली आणि मान्य करवून घेतली. त्याने सनदेवर लिहिलेले भाष्य तो मृत्युशय्येवर असताना राजाने जप्त केले. पार्लमेंटने ते परत मिळवून १६४२ मध्ये छापले. कोकने तेराव्या शतकातल्या मजकुरात सतराव्या शतकाचे हक्क वाचले, हा इतिहासकारांचा आक्षेप खरा आहे. एडवर्ड जेंक्स याने तर १९०४ मध्ये सनदेची सगळी थोरवी म्हणजे एक दंतकथा ठरविली. सरदारांनी स्वार्थ पाहिला हे मला मान्य आहे. परंतु एकदा सर्वांसाठी म्हणून लिहिलेला नियम लिहिणाऱ्याच्या स्वार्थापुरता मर्यादित राहत नाही, आणि कोकने जो अर्थ काढला तो त्या शब्दांनी पेलला, याचे श्रेय शब्दांनाही दिले पाहिजे.

तेथून पुढचा प्रवास या ग्रंथाच्या टिपांत सविस्तर आला आहे, म्हणून तो मी थोडक्यात उरकतो. कैद्याला न्यायालयापुढे हजर करण्याचा हेबिअस कॉर्पसचा १६७९ चा कायदा, विल्यम पेनने १६८७ मध्ये फिलाडेल्फियात छापलेली सनदेची प्रत, अमेरिकेच्या राज्यघटनेतील १७९१ ची पाचवी आणि १८६८ ची चौदावी दुरुस्ती, हे सर्व त्या एकाच ओळीचे वंशज आहेत. आणि १९६४ मध्ये नेल्सन मंडेला यांनी प्रिटोरियाच्या न्यायालयात आरोपीच्या जागेवरून केलेल्या भाषणात या सनदेचे नाव आदराने घेतले, तेव्हा ते त्यांना कैदेत घालणाऱ्यांच्याच परंपरेतून तिच्यावर हक्क सांगत होते.

मराठी वाचकाला मात्र तिचा संबंध याहून जवळचा आहे. पेशवाई बुडून दहा वर्षे झाली असताना, १८२८ साली, पुण्यातील मोरो रघुनाथ नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला त्याचे पालक पांडुरंग रामचंद्र यांनी बेकायदा अडकवून ठेवल्याची तक्रार मुंबईच्या सुप्रीम कोर्टात आली, आणि कोर्टाने मुलाला हजर करण्याचा हेबिअस कॉर्पसचा हुकूम काढला. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी तो बजावण्यास साहाय्य देण्याचे नाकारले. जिंकलेल्या मुलखातील प्रतिष्ठित घराण्यांना मुंबईच्या कोर्टाने हात लावल्यास राज्याचा पाया डळमळेल, अशी त्यांची भूमिका होती. सर जॉन पीटर ग्रँट यांचे दोन्ही सहकारी न्यायाधीश त्याच वर्षी निवर्तले होते. एकट्या उरलेल्या ग्रँट यांनी, आपले हुकूम अमलात येत नसतील तर न्यायासनावर बसण्यात अर्थ नाही म्हणून, एप्रिल १८२९ मध्ये कोर्टच बंद केले. प्रिव्ही कौन्सिलने कौल दिला तो गव्हर्नरच्या बाजूने: मुंबई शहराच्या हद्दीबाहेर, जे त्या कोर्टाच्या अधिकारात येत नाहीत त्या एतद्देशीयांवर असा हुकूम चालणार नाही. लंडनमध्ये जो हक्क प्रत्येकाचा मानला जाई, तो पुण्याच्या वेशीपर्यंत पोहोचू दिला गेला नाही.

राणीच्या १८५८ च्या जाहीरनाम्याला आपले नेमस्त पुढारी हिंदुस्थानची मॅग्ना कार्टा म्हणत. त्या श्रद्धेची परीक्षा १८९७ मध्ये झाली. प्लेगच्या बंदोबस्तावरील अधिकारी रँड याच्या खुनानंतर पुण्याच्या नातू बंधूंना सरकारने १८२७ च्या पंचविसाव्या रेग्युलेशनखाली उचलले आणि त्यांच्यावर कोणताही खटला न चालविता त्यांना स्थानबद्ध करून ठेवले. त्याच वर्षी टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला, तो ज्यूरीसमोर. पण नऊ पंचांपैकी सहा युरोपियनांनी त्यांना दोषी ठरविले आणि तिघा हिंदी पंचांनी निर्दोष, आणि बहुमताने शिक्षा झाली. समकक्षांचा निवाडा हे शब्द पाळले गेले आणि त्यांचा आशय डावलला गेला, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही.

स्वतंत्र भारताच्या घटनाकारांपुढे हा सर्व अनुभव होता. तरीही एकविसाव्या अनुच्छेदात अमेरिकन धर्तीची रीतसर न्याय्य प्रक्रिया न घालता कायद्याने ठरविलेली कार्यपद्धती पुरेशी मानण्यात आली, डॉ. आंबेडकरांनी डिसेंबर १९४८ मध्ये दोन्ही बाजूंचे धोके सभागृहापुढे मांडले, आणि पुढच्या वर्षी अटकेसंबंधीच्या किमान हमींचे जे कलम त्यांनी आणले तेच आजचा बाविसावा अनुच्छेद होय. आणीबाणीत, २८ एप्रिल १९७६ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने चारास एक अशा बहुमताने सांगितले की, बेकायदा अटकेविरुद्धही नागरिकाला न्यायालयात दाद मागता येणार नाही. विरोधी निकाल देणारे न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांना डावलून पुढे दुसऱ्यास सरन्यायाधीश केले गेले. बहुमतात पुण्याचे न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड होते; आणि २०१७ मध्ये तो निकाल चुकीचा म्हणून मोडीत काढणारे निकालपत्र त्यांचे पुत्र न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी लिहिले.

त्याच बाविसाव्या अनुच्छेदात प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेची तरतूदही आहे, आणि तिच्याखाली माणसाला सल्लागार मंडळाच्या अभिप्रायावाचून तीन महिन्यांपर्यंत खटल्याशिवाय ठेवता येते. हा ग्रंथ हाती घेणाऱ्या वाचकाला माझी विनंती आहे की, सनदेचे एकोणचाळिसावे कलम वाचून झाल्यावर त्याने आपल्या राज्यघटनेचा तो अनुच्छेद शेजारी उघडून ठेवावा, दोन्ही पुन्हा एकदा सावकाश वाचावेत, आणि त्या तरतुदीबद्दल आपले मत काय ते आपल्या प्रतिनिधीला कळवावे.